कमी खर्चात डोळे तपासून चष्मा करायचा असेल तर दुकान कसे निवडावे

पहिल्यांदा चष्मा लागलेला माणूस दुकानात शिरला की त्याची नजर आधी भिंतीवरच्या फ्रेमांवर जाते आणि दुकान चांगले की वाईट, स्वस्त की महाग, हे तो त्या फ्रेमांवरूनच ठरवतो. चष्म्याच्या खर्चात कुठे बचत करता येते आणि कुठे करू नये, हे मात्र त्या भिंतीवरून कळत नाही. नंबर, दोन बाहुल्यांमधील अंतर आणि फ्रेम चेहऱ्यावर बसवून घेतलेली मापे अचूक असतील, तर साध्यातल्या साध्या फ्रेममधूनही स्वच्छ दिसते. यांपैकी एक माप जरी चुकले, तरी महागडी लेन्स डोके दुखवते. म्हणून कमी खर्चाचे दुकान निवडताना मोजमाप करणाऱ्या माणसाकडे आधी आणि मालाकडे नंतर पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि पुढील पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

पहिली पायरी: नंबर काढायचा आहे की डोळे तपासायचे आहेत, हे ठरवा

बोलताना आपण दोन्हींना ‘डोळे तपासणे’ असेच म्हणतो, पण ही दोन वेगळी कामे आहेत. नंबर काढणे म्हणजे कोणत्या लेन्समधून तुम्हाला स्पष्ट दिसते हे शोधणे. डोळ्यांची पूर्ण तपासणी म्हणजे त्याखेरीज बाहुलीची प्रकाशाला होणारी प्रतिक्रिया, दोन्ही डोळ्यांचा समन्वय, डोळ्याचा पुढचा भाग, डोळ्यातील दाब आणि आतील दृष्टिपटल व दृष्टिमज्जा यांची अवस्था पाहणे. तक्त्यावरची सर्वांत खालची ओळ वाचता आली, म्हणजे नजर ६/६ आहे, एवढेच सिद्ध होते. डोळा निरोगी आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. काचबिंदू बहुधा सुरुवातीला काहीच जाणवू देत नाही, कारण तो नजरेच्या कडा आधी खातो आणि मधली दृष्टी शेवटपर्यंत शाबूत ठेवतो. मधुमेहामुळे दृष्टिपटलावर होणारे बदलही नजर चांगली असतानाच सुरू झालेले असू शकतात.

त्यामुळे काही लोकांनी स्वस्त दुकानातील तपासणीवर समाधान मानू नये. मधुमेह असलेले, घरात आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू असलेले, खूप मोठा उणे नंबर असलेले आणि वयाची चाळिशी ओलांडूनही एकदाही पूर्ण तपासणी न झालेले लोक यांनी आधी नेत्रतज्ज्ञाकडे जावे आणि तिथला नंबर घेऊन दुकानात यावे. लहान मुलांच्या बाबतीत तर मी याहून ठाम आहे. मुलांच्या डोळ्यांतील भिंगाची जुळवून घेण्याची ताकद इतकी असते, की औषधाचे थेंब घालून ती तात्पुरती सैल केल्याशिवाय निघालेला नंबर पुष्कळदा खरा नसतो. आणि एखादा डोळा आळशी राहत असेल, तर तो लहान वयातच ओळखला जाणे आवश्यक असते. डोळ्यांसमोर अचानक प्रकाशाच्या रेघा चमकणे, काळ्या ठिपक्यांचा सडा पडणे, नजरेच्या एका बाजूला पडदा ओढल्यासारखे वाटणे, एकाएकी दुहेरी दिसणे किंवा वेदनांसह डोळा लाल होणे, यांपैकी काही झाले असेल, तर चष्म्याचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी नेत्ररुग्णालय गाठावे.

ज्यांना यांतले काही नाही, ज्यांची पूर्ण तपासणी वेळच्या वेळी होते आणि ज्यांना केवळ नंबर बदलल्यासारखा वाटतो, त्यांचे काम चांगल्या स्वस्त दुकानात व्यवस्थित होते.

दुसरी पायरी: जाण्याआधी चौकशी करा

फोनवर पाच मिनिटे बोलले, तरी दुकानाविषयी बरेच कळते. तपासणी कोण करतो, हा पहिला प्रश्न. नेत्रतज्ज्ञ हा वैद्यकीय डॉक्टर असतो आणि तो आजारांवर उपचार व शस्त्रक्रिया करतो. ऑप्टोमेट्रिस्ट हा दृष्टी तपासण्याचे आणि नंबर काढण्याचे रीतसर शिक्षण घेतलेला असतो. ऑप्टिशियन हा लिहून दिलेल्या नंबरानुसार लेन्स व फ्रेम बसवून देणारा कारागीर असतो. तिघांचीही कामे मोलाची आहेत, परंतु विक्री करणारा मदतनीसच तुमचा नंबर काढणार असेल, तर ते तुम्हाला आधी कळलेले बरे.

दुसरा प्रश्न असा विचारावा की, चष्मा तुमच्याकडे केला नाही तरी नंबरची चिठ्ठी मिळेल का, आणि तिच्यावर बाहुल्यांमधील अंतर लिहून द्याल का. ‘तपासणी मोफत’ अशी पाटी असलेल्या दुकानात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण तिथे तपासणीचा खर्च चष्म्याच्या किमतीतून वसूल होत असतो. त्यात गैर काही नाही, पण चिठ्ठी हातात न मिळाल्यास दुसरीकडे किंमत विचारण्याचा मार्गच बंद होतो. तपासणीचे वेगळे शुल्क घेऊन चिठ्ठी मोकळेपणाने देणारे दुकान मला नेहमीच अधिक विश्वासाचे वाटत आले आहे. तिसरा प्रश्न नंबर न मानवल्यास काय, हा. ठरावीक दिवसांत फेरतपासणी आणि लेन्स बदलून मिळण्याची सोय आहे का, ती कोणत्या लेन्सना लागू आहे आणि ती बिलावर लिहून मिळेल का, हे आधीच विचारावे.

किमतीबाबत एकच सूचना पुरेशी आहे. जाहिरातीतला आकडा बहुधा ठरावीक फ्रेम आणि कमी नंबरच्या साध्या लेन्स यांचा असतो, म्हणून तुमचा नंबर सांगून दोन्ही लेन्स, फ्रेम, कोटिंग, बसवण्याचे काम आणि कर धरून एकूण किती होतील, हे विचारावे. आणि तीच एकूण रक्कम दोन-तीन दुकानांत ताडून पाहावी.

तिसरी पायरी: तपासणीच्या वेळी काय पाहावे

जाताना जुना चष्मा आणि जुन्या चिठ्ठ्या सोबत न्याव्यात. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल, तर त्या किती आधी काढायच्या हे विचारून घ्यावे, कारण लेन्समुळे बुबुळावरील पारदर्शक पडद्याचा आकार तात्पुरता बदललेला असू शकतो. कडक लेन्सच्या बाबतीत हा काळ बराच मोठा असतो. मधुमेह्यांनी रक्तातील साखर वरखाली होत असताना नंबर काढू नये. साखरेबरोबर डोळ्यातील भिंगात पाण्याचे प्रमाण बदलते आणि नंबरही सरकतो, त्यामुळे तेव्हा केलेला चष्मा साखर स्थिरावल्यावर निरुपयोगी ठरतो. दिवसभर पडद्यासमोर बसून थकलेल्या डोळ्यांनी संध्याकाळी जाण्यापेक्षा सकाळी जाणे चांगले.

बहुतेक ठिकाणी सुरुवात एका यंत्राने होते. त्यात डोकावल्यावर दूरवरचे एखादे चित्र धूसर आणि मग स्पष्ट होते, आणि काही क्षणांत नंबर छापलेला कागद बाहेर येतो. लोक याला ‘कॉम्प्युटरवर नंबर काढणे’ म्हणतात आणि तोच अंतिम निकाल समजतात. वास्तविक हा अंदाज असतो. विशेषतः तरुण डोळे यंत्रात पाहताना नकळत ताण देतात आणि उणे नंबर गरजेपेक्षा जास्त निघतो. यंत्राच्या आकड्यापासून पुढे तक्ता वाचायला लावून, एकेका डोळ्यासमोर लेन्स बदलत, ‘ही बरी की ती बरी’ असे विचारत खरा नंबर निश्चित केला जातो. सिलिंड्रिकल नंबर (डोळ्याची वक्रता सगळ्या दिशांना सारखी नसल्यास लागणारा) असेल, तर त्याचा कोनही असाच ठरवावा लागतो, आणि शेवटी दोन्ही डोळे एकत्र उघडे ठेवून पुन्हा पाहिले जाते. यंत्राचा कागद पाहून त्यावरूनच थेट ऑर्डर लिहायला घेतली, तर आभार मानून बाहेर पडावे.

या टप्प्यावर तुमच्या उत्तरांनाही फार किंमत आहे. दोन लेन्समध्ये फरक वाटत नसेल, तर ‘सारखेच आहे’ हेच योग्य उत्तर असते. तपासणाऱ्याला त्यातूनच कळते की तो नेमक्या जागी पोहोचला आहे. उणे नंबर वाढवत नेताना एक वेळ अशी येते, की अक्षरे लहान आणि अधिक काळी दिसू लागतात, पण वाचायला सोपी होत नाहीत. तसे झाल्यास ते शब्दांत सांगावे, कारण तिथून पुढची वाढ केवळ डोळ्यांवरचा भार वाढवते. शेवटी चाचणीच्या फ्रेममध्ये ठरलेल्या लेन्स घालून चार पावले चालून पाहण्याची, दाराबाहेर नजर टाकण्याची आणि जवळचा नंबर असेल, तर आपल्या सवयीच्या अंतरावर मजकूर वाचून पाहण्याची विनंती करावी. ही विनंती आनंदाने मान्य करणारा माणूस भेटला, की माझ्या मते दुकानाची निम्मी परीक्षा झाली.

चौथी पायरी: चिठ्ठी वाचायला शिका

चिठ्ठीवर ‘ओडी’ म्हणजे उजवा डोळा आणि ‘ओएस’ म्हणजे डावा डोळा. पहिला रकाना स्फेरिकल नंबरचा असतो: उणे चिन्ह लांबचे धूसर दिसणाऱ्यांना, अधिक चिन्ह दूरदृष्टिता, म्हणजे मुख्यतः जवळचे धूसर दिसणे, असणाऱ्यांना. दुसरा सिलिंड्रिकल नंबर आणि तिसरा त्याचा कोन, जो १ ते १८० अंशांमध्ये लिहितात. ‘ॲडिशन’ म्हणजे चाळिशी लागल्यावर जवळच्या कामासाठी लांबच्या नंबरात मिळवायची शक्ती. कोन सोडून बाकीचे आकडे डायॉप्टर या लेन्सच्या शक्तीच्या एककात असतात आणि साधारणतः ०.२५ च्या टप्प्यांनी बदलतात.

दोन ठिकाणच्या चिठ्ठ्या ताडून पाहताना अनेकांची एक गफलत होते, म्हणून थोडे थांबून सांगतो. सिलिंड्रिकल नंबर उणे चिन्हाने लिहिता येतो तसाच अधिक चिन्हानेही लिहिता येतो. एका चिठ्ठीवर ‘–२.०० / +१.०० × ९०’ आणि दुसरीवर ‘–१.०० / –१.०० × १८०’ असे असेल, तर दोन्ही नंबर तंतोतंत एकच आहेत. पडताळा सोपा आहे: स्फेरिकल आणि सिलिंड्रिकल आकड्यांची बेरीज करावी, ती नवीन स्फेरिकल मानावी, सिलिंड्रिकलचे चिन्ह उलटे करावे आणि कोनात ९० मिळवावेत, बेरीज १८० च्या पुढे जात असेल, तर मिळवण्याऐवजी ९० वजा करावेत. हे माहीत नसल्याने आधीच्या तपासणाऱ्याला विनाकारण दोष दिला जातो.

आता बाहुल्यांमधील अंतराविषयी. प्रौढांमध्ये ते बहुधा ५४ ते ७४ मिलिमीटरच्या दरम्यान असते आणि जवळ पाहताना सुमारे ३ मिलिमीटरने कमी होते. लेन्सचा प्रकाशीय मध्य बाहुलीसमोर यावा, यासाठी हे माप लागते. समजा, फ्रेमच्या दोन काचांच्या मध्यांमधील अंतर ७२ मिलिमीटर आहे आणि तुमच्या बाहुल्यांमधील अंतर ६२ आहे. लेन्स घासून बसवणाऱ्याने हा फरक भरून काढला नाही, तर प्रत्येक डोळ्यासमोर मध्य ५ मिलिमीटर सरकलेला राहील. नंबर –४.०० असल्यास प्रत्येक डोळ्यावर २, म्हणजे दोन्ही मिळून ४ प्रिझम डायॉप्टर इतका नको असलेला प्रिझम (दिसणारे चित्र बाजूला सरकवणारा परिणाम) येतो आणि दिवसभर डोळ्यांचे स्नायू त्याच्याशी झगडत राहतात. नंबर अगदी बरोबर असूनही चष्मा ‘लागत नाही’, अशी तक्रार पुष्कळदा इथूनच उगवते. माझ्या स्वतःच्या एका चष्म्यासाठी हे माप न घेता जुन्या चष्म्यावरून उतरवले गेले होते, आणि जुन्यातली चूक नव्यातही जशीच्या तशी आली. कारण सापडेपर्यंत मी कित्येक आठवडे डोकेदुखीसाठी झोपेला जबाबदार धरत होतो. म्हणून मोजपट्टीने किंवा यंत्राने, शक्यतो नाकाच्या मध्यापासून प्रत्येक डोळ्याचे वेगवेगळे, असे हे माप तुमच्यासमोर घेतले जाते की नाही, याकडे लक्ष ठेवावे.

पाचवी पायरी: फ्रेम आणि लेन्स

फ्रेमच्या काडीच्या आतल्या बाजूला ‘५२ □ १८ १४०’ अशा प्रकारचे आकडे असतात. त्यांतला पहिला काचेची रुंदी, दुसरा नाकावरच्या पुलाची रुंदी आणि तिसरा काडीची लांबी, सर्व मिलिमीटरमध्ये. सध्याचा चष्मा नीट बसत असेल, तर त्याचे आकडे टिपून न्यावेत. भिंतीवरच्या शेकडो फ्रेमांतून मग योग्य त्या पटकन वेगळ्या काढता येतात. फ्रेम गालांवर टेकू नये, नाकावर वजन दोन्ही बाजूंना सारखे पडावे आणि बाहुली काचेच्या रुंदीच्या मध्याजवळ यावी.

नंबर मोठा असेल, तर लहान फ्रेम घेणे ही सर्वांत स्वस्त सुधारणा आहे, हे दुकानात क्वचितच सांगितले जाते. उणे नंबरच्या लेन्सची कड मध्यापेक्षा किती जाड होईल, हे साधारणपणे काचेच्या त्रिज्येच्या वर्गावर अवलंबून असते. काच ५४ ऐवजी ४८ मिलिमीटरची निवडली, तर ही जादा जाडी सुमारे २१ टक्क्यांनी घटते. तीच फ्रेम ठेवून १.५० ऐवजी १.६० वर्तनांकाची (लेन्सचा पदार्थ प्रकाश किती वाकवतो, याचा आकडा) लेन्स घेतल्यास घट सुमारे १७ टक्के होते आणि तिचे पैसे वेगळे पडतात. त्यामुळे ‘पातळ लेन्स’ विकत घेण्याआधी फ्रेम लहान करून पाहावी.

लेन्सच्या पदार्थांत सर्वांत साधी असते सीआर-३९ या प्लॅस्टिकची, जिचा वर्तनांक सुमारे १.५० असतो. ती हलकी असते, तिच्यातून कडेलाही स्वच्छ दिसते, आणि २ डायॉप्टरच्या आतबाहेरच्या नंबरांसाठी याहून अधिक काही लागत नाही. पॉलिकार्बोनेट आघात सोसते आणि अतिनील किरणही अडवते, म्हणून मुलांसाठी, खेळाडूंसाठी आणि ज्यांचा एकच डोळा कामाचा आहे त्यांच्यासाठी तीच घ्यावी, किंवा तितकीच मजबूत, ट्रायव्हेक्स नावाच्या प्लॅस्टिकची. मात्र पॉलिकार्बोनेटला ओरखडे लवकर पडतात आणि नंबर मोठा असल्यास कडेने पाहताना वस्तूंना रंगीत किनार दिसू शकते. १.६७ आणि १.७४ वर्तनांकाच्या लेन्स मोठ्या नंबरांसाठी आहेत. छोट्या नंबरवर त्यांचा खर्च वाया जातो.

कोटिंगांपैकी प्रतिबिंबरोधक कोटिंगवर पैसे घालावेत, असे मी सुचवीन. साध्या प्लॅस्टिकच्या लेन्सच्या दोन पृष्ठभागांवरून मिळून सुमारे ८ टक्के प्रकाश परततो, वर्तनांक वाढला की हा तोटाही वाढतो, आणि रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांच्या वेळी तो स्पष्ट जाणवतो. निळा प्रकाश अडवणाऱ्या कोटिंगविषयी माझे मत वेगळे आहे. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या समीक्षेत १७ चाचण्यांचा आढावा घेतला गेला आणि संगणकाच्या कामाने येणारा डोळ्यांचा ताण अशा लेन्समुळे कमी होत असल्याचे तिच्यात दिसून आले नाही. पडद्यासमोर डोळे शिणतात ते प्रामुख्याने पापण्या कमी लवल्यामुळे, सतत जवळ पाहिल्यामुळे आणि कधी चुकीच्या नंबरमुळे. त्या कोटिंगचे पैसे वाचवून पूर्ण तपासणीकडे वळवावेत.

चाळिशी लागलेल्यांसाठी

फक्त वाचनापुरता चष्मा हवा असेल, तर काम सोपे आहे. तयार मिळणारे वाचनाचे चष्मेही तात्पुरते चालतात, मात्र त्यांत दोन्ही डोळ्यांना एकच नंबर असतो आणि सिलिंड्रिकल नंबर नसतो, हे ध्यानात असू द्यावे. प्रोग्रेसिव्ह लेन्स (एकाच काचेत वरून खाली लांबचा ते जवळचा नंबर हळूहळू बदलत जाणारी) करायची असेल, तेव्हा मात्र दुकानाचे कसब पणाला लागते. त्यात बाहुली काचेच्या तळापासून किती उंचीवर येते हे माप, फ्रेम आधी तुमच्या चेहऱ्यावर नीट बसवून, तुम्ही सरळ समोर पाहत असताना, काचेवर खूण करून घ्यावे लागते. फ्रेम टेबलावर ठेवून किंवा अंदाजाने ही खूण करणाऱ्याकडे प्रोग्रेसिव्ह करू नये, मग ती कितीही स्वस्त असो. काचेची उंची फार कमी असलेल्या फ्रेममध्ये वाचनाचा भाग कापला जातो. म्हणून ती किमान २८ ते ३० मिलिमीटर असावी. पहिली प्रोग्रेसिव्ह इंटरनेटवरून मागवू नये, असेही सांगेन. कमी नंबरचा साधा, एकाच अंतराचा चष्मा बाहुल्यांमधील अंतर हाती असल्यास तसा मागवायला हरकत नाही.

सहावी पायरी: चष्मा हातात आल्यावर

पैसे चुकते करण्याआधी लेन्सोमीटरवर नंबर तपासून दाखवायला सांगावे. हे यंत्र प्रत्येक चष्म्याच्या दुकानात असायलाच हवे, आणि तपासायला दोन मिनिटे पुरतात. घरी ढोबळ खात्री करण्याची एक युक्ती अशी की, चष्मा हातभर अंतरावर धरून एका काचेतून दूरची वस्तू पाहावी आणि चष्मा हळूहळू बाजूला न्यावा: वस्तू चष्म्याच्याच दिशेने सरकल्यासारखी दिसली, तर लेन्स उणे नंबरची आहे, उलट दिशेने सरकली तर अधिक नंबरची. तशाच धरलेल्या चष्म्यातून दाराची उभी कड पाहत चष्मा घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवल्यास ती कड तिरकी होताना दिसली, तर त्यात सिलिंड्रिकल नंबर आहे. चिठ्ठीवर सिलिंड्रिकल असून कड जागची हलत नसेल, तर लगेच परत जावे. प्रोग्रेसिव्ह लेन्सवर ३४ मिलिमीटर अंतराने दोन अतिसूक्ष्म खुणा कोरलेल्या असतात आणि कानाकडच्या खुणेखाली ॲडिशनचा आकडा असतो. तो प्रकाशात तिरका धरून वाचता येतो.

नवा नंबर सरावाला काही दिवस घेतो, प्रोग्रेसिव्ह आणि सिलिंड्रिकल बदल कधी दोन आठवडेही. सुरुवातीला जमीन किंचित कललेली वाटणे स्वाभाविक आहे, परंतु या काळात जुना चष्मा आलटून पालटून घालू नये, कारण त्याने सराव लांबतो. दोन आठवड्यांनंतरही त्रास राहिला, तर चष्मा आणि चिठ्ठी दोन्ही घेऊन जावे आणि तपासणीचा क्रम आपणच सुचवावा: आधी लेन्सचा नंबर चिठ्ठीशी जुळतो का, मग मध्यबिंदू बाहुल्यांसमोर आहेत का, मग फ्रेम वाकडी किंवा नाकावरून घसरलेली आहे का, आणि हे सर्व ठीक असेल तरच फेरतपासणी. बहुतेक दुकाने थेट फेरतपासणीला सुरुवात करतात आणि बसवण्यातली चूक तशीच राहून नंबर मात्र बदलला जातो.

नाकाच्या पट्ट्या बदलणे, स्क्रू घट्ट करणे, काड्या वाकवून नीट बसवणे ही कामे वर्षभर निघत राहतात. जवळचे, ती हसतमुखाने करून देणारे दुकान किमतीत थोडे महाग असले, तरी मी तेच निवडतो. काच कोरड्या कापडाने पुसू नये. आधी पाण्याखाली धुऊन धूळ घालवावी. चिठ्ठीचा फोटो काढून ठेवावा, त्यावर बाहुल्यांमधील अंतर आणि तारीख दिसते ना हे पाहावे, आणि जुना चष्मा नवा फुटेल त्या दिवसासाठी डबीत जपून ठेवावा.